कंपनीचा ईमेल स्वतःच्या सर्व्हरवर नेताना नेमकं काय होतं?

"दर महिन्याला माणशी पैसे कशाला भरायचे? आपलाच मेल सर्व्हर लावू की!" छोट्या कंपन्यांमध्ये हा विषय कधी ना कधी निघतोच. मी एका लहान कंपनीचं सिस्टिमचं काम बघतो आणि हे स्थलांतर मी केलेलं आहे. ऑफिसचं मेल तुमच्या फोनवर येत असेल, तर या बदलाचा संबंध तुमच्याशीही आहे.

पत्ता तोच, पोस्ट ऑफिस नवीन

ईमेल पत्त्यात @ च्या पुढचा भाग म्हणजे डोमेन. ते कंपनीच्या नावावर असतं, त्यामुळे सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही. डीएनएस, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, डोमेनची एमएक्स नावाची नोंद असते. "या डोमेनचं मेल या सर्व्हरवर टाका" एवढंच ती सांगते. ही नोंद बदलली की मेल नवीन सर्व्हरकडे वळतं.

पण जगभरचे सर्व्हर जुनी नोंद काही वेळ लक्षात ठेवतात. किती वेळ, ते टीटीएल या आकड्यावर ठरतं. म्हणून दोन दिवस आधीच टीटीएल ३०० सेकंदांवर आणायचा.

आमचा क्रम असा होता:

१. नवीन सर्व्हरवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण) आणि डव्हकॉट (फोनला इनबॉक्स दाखवणं) बसवले. दोन्ही ओपन सोर्स आहेत, फुकट मिळतात.
२. सगळ्यांची खाती उघडली आणि आयमॅपसिंक नावाच्या साधनाने जुनं मेल कॉपी केलं.
३. शनिवारी रात्री एमएक्स बदलला.
४. जुनी सेवा लगेच बंद केली नाही. मधल्या काळात तिकडे आलेलं मेल आयमॅपसिंक पुन्हा चालवून इकडे आणलं.

नवीन सर्व्हर तासभर बंद पडला तर? घाबरू नका. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, साधारणपणे चार-पाच दिवस.

खरी परीक्षा मेल पाठवताना

मेल येणं सोपं आहे, आपलं मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पोचणं अवघड. कोटेशन स्पॅममध्ये गेलं तर ग्राहकाला वाटतं आपण उत्तरच दिलं नाही, आणि ऑर्डर दुसरीकडे जाते. आपल्याला मात्र पत्ताही लागत नाही, कारण आपल्याकडे मेल "गेलं" असंच दिसतं.

नव्या सर्व्हरला कोणी ओळखत नाही. ओळख पटवायला या गोष्टी लागतात:

• स्थिर आयपी आणि त्याची पीटीआर नोंद: आयपीवरून सर्व्हरचं नाव शोधलं तर बरोबर सापडलं पाहिजे.
• एसपीएफ: या डोमेनचं मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी.
• डीकेआयएम: प्रत्येक मेलवर डिजिटल सही. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही.
• डीमार्क: ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं, याची सूचना.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत. आपल्यासारख्या छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि बरोबर पीटीआर लागतंच.

शिवाय बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते याच पोर्टवरून. आयपी आधी कुणी स्पॅमसाठी वापरला असेल, तर त्याची बदनामीही आपल्या वाट्याला येते. म्हणून आयपी घेतल्यावर आधी स्पॅमहाऊससारख्या काळ्या याद्यांमध्ये तो तपासा.

तुमच्या फोनवर काय बदलेल?

नवीन खातं आयमॅप पद्धतीनेच जोडा, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवर एकच इनबॉक्स दिसेल. अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये "ऑदर" निवडायचं. सर्व्हरचं नाव आयटीवाला देईल. आयमॅपचा सुरक्षित पोर्ट सहसा ९९३ असतो.

जुनं खातं फोनमधून काढण्याआधी दोन गोष्टी नक्की बघा. एक, कॉन्टॅक्ट. नंबर ऑफिसच्या खात्यात सेव्ह असतील तर खात्याबरोबर तेही फोनमधून जातील. आयमॅप फक्त मेल आणतं, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर आणत नाही, म्हणून ते आधी एक्सपोर्ट करा. दोन, ऑफिसच्या गूगल खात्याने "साइन इन विथ गूगल" करून उघडलेली ॲप्स. ते खातं बंद झालं की त्या रस्त्याने लॉगिन होणार नाही. आधीच पासवर्ड लावून ठेवा.

मग करावं का?

बॅकअप, अपडेट आणि स्पॅमशी रोजची मारामारी बघायला माणूस नसेल, तर माझं मत: नको. माणशी वाचलेले पैसे एका हुकलेल्या ऑर्डरमध्ये जातात. मधला रस्ताही आहे, आम्ही तोच घेतला. इनबॉक्स आपल्या सर्व्हरवर, आणि बाहेर जाणारं मेल एका नावाजलेल्या रिले सेवेतून. तिचं नाव एसपीएफच्या यादीत घालायला मात्र विसरू नका.

तपासायचं कसं? ऑफिसच्या खात्यावरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा. कॉम्प्युटरवर ते उघडून तीन टिंबांच्या मेनूत "शो ओरिजिनल" दाबा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्हीसमोर "पास" दिसलं, तर निदान तुमची कागदपत्रं चोख आहेत. एखादं "फेल" दिसलं तर स्क्रीनशॉट काढून आजच आयटीवाल्याला पाठवा.