दुसऱ्यांदा दिलेली परीक्षा

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेस गारफील्ड हायस्कूल नावाची शाळा आहे. तेथील बहुतेक मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतील. १९८२ च्या मे महिन्यात या शाळेच्या १८ विद्यार्थ्यांनी कलनशास्त्राची, म्हणजेच कॅल्क्युलसची, महाविद्यालयीन दर्जाची परीक्षा दिली आणि १८ ही जण उत्तीर्ण झाले. अभिनंदनाऐवजी त्यांच्या वाट्याला संशय आला. काही उत्तरांतील चुकाही एकमेकींशी जुळत असल्याचे परीक्षकांच्या ध्यानी आले होते. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १४ जणांना पुन्हा परीक्षेस बसण्यास सांगितले. निर्दोष असूनही पुन्हा बसावे, तर संशय मान्य केल्यासारखे. न बसावे, तर मिळविलेले यश हातचे जाणार! अखेर १२ जण ऑगस्टमध्ये नवी प्रश्नपत्रिका घेऊन बसले आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले.

त्यांचे शिक्षक होते हायमे एस्कलांटे. बोलिव्हियात त्यांनी अनेक वर्षे गणित व पदार्थविज्ञान शिकविले होते; परंतु अमेरिकेत आल्यावर ती पात्रता ग्राह्य धरली गेली नाही. उपाहारगृहातील फरश्या पुसण्यापासून आरंभ करून, इंग्रजी शिकून व पुन्हा पदवी घेऊन, १९७४ साली ते गारफील्डमध्ये रुजू झाले.

१९८८ च्या ‘स्टँड अँड डिलिव्हर’ या चित्रपटामुळे ही कथा जगभर पोहोचली. मात्र तो पाहून, कच्ची मुले थोड्याच काळात कलनशास्त्रात पारंगत झाली अशी समजूत होते. ती खरी नव्हे. एस्कलांटे यांच्या पहिल्या वर्गात शेवटपर्यंत पाचच विद्यार्थी टिकले व त्यांतील दोघेच उत्तीर्ण झाले.

वस्तुतः कलनशास्त्राची मूळ कल्पना अवघड नाही. वक्ररेषेखालील क्षेत्रफळ काढावयाचे, तर त्या क्षेत्राच्या उभ्या पट्ट्या पाडाव्यात, त्यांची बेरीज करावी आणि पट्ट्या अधिकाधिक अरुंद करीत जावे. मुलगा अडतो तो पुढे, बीजगणितात आणि त्रिकोणमितीत. आपल्याकडे अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत हाच विषय येतो. त्या वेळी बारावीच्या शिकवणीची धावपळ करणाऱ्या पालकांनी मुलाची आठवीची वही एकदा उघडून पाहावी, असे सुचवावेसे वाटते.

एस्कलांटे यांनी हीच खालची पायरी बांधून काढली. शाळेपूर्वी व शाळेनंतर ते वर्ग घेत. पुढे उन्हाळी सुटीत जवळच्या महाविद्यालयात बीजगणित, भूमिती व त्रिकोणमितीचे वर्ग सुरू झाले. मुख्याध्यापक हेन्री ग्रॅडिलास यांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता. १९८७ साली ७३ विद्यार्थी पहिल्या व १२ विद्यार्थी त्याहून वरच्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाले. ग्रॅडिलास शाळेतून गेले, १९९१ साली एस्कलांटे यांनीही शाळा सोडली. त्यानंतर काही वर्षांतच उत्तीर्णांची संख्या पुष्कळ खाली आली.