वातजन्य कंपनांचे सक्रिय नियंत्रण

वाऱ्यामुळे उंच इमारतीस बसणारे हेलकावे बाह्य ऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रणेच्या साहाय्याने कमी करण्याची पद्धती. वाऱ्याच्या झोतांमुळे इमारत त्याच्या दिशेत डोलते. शिवाय तिच्या दोन्ही बाजूंकडून आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे ती त्या दिशेच्या काटकोनातही डोलते. भोवऱ्यांची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) इमारतीच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळल्यास अनुस्पंदन होऊन हेलकावे वाढतात. अशा वेळी इमारत सुरक्षित असली, तरी वरच्या मजल्यांवरील माणसांना घेरी किंवा मळमळ जाणवू शकते. म्हणून भारतीय मानक 16700 (2017) मध्ये, सरासरी 10 वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यासाठी निवासी इमारतींतील प्रवेगाची मर्यादा 0.15 मी./से.² ठरविली आहे.

अक्रिय पद्धतीत इमारतीच्या वरच्या भागात एक जड वस्तुमान बसवितात. तैपेई 101 या इमारतीतील असा गोल सु. 660 टनांचा आहे. त्यास वीज लागत नाही. परंतु तो ठराविक कंप्रतेलाच चांगला प्रतिसाद देतो. सक्रिय पद्धतीत संवेदक इमारतीची हालचाल मोजतात, संगणक आवश्यक प्रेरणा ठरवितो आणि चालक यंत्रणा वस्तुमान ढकलते. त्याची प्रतिक्रिया इमारतीच्या गतीस विरोध करते. त्यामुळे तुलनेने लहान वस्तुमान पुरते. ही कल्पना जे. टी. पी. याओ यांनी 1972 मध्ये मांडली. प्रत्यक्ष इमारतीत तिचा पहिला वापर टोकिओतील क्योबाशी सेइवा या 11 मजली, अरुंद इमारतीत 1989 मध्ये झाला. तेथे सु. 4 टन व सु. 1 टन अशी दोन वस्तुमाने बसविण्यात आली. पहिले आडव्या हेलकाव्यांसाठी, तर दुसरे पिळासाठी होते.

सक्रिय यंत्रणेची मुख्य मर्यादा वीजपुरवठ्याची आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. आगरदांडा ज्या मुरूड तालुक्यात आहे, त्या तालुक्यासह श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात विजेचे खांब कोसळले व अनेक गावांचा पुरवठा कित्येक दिवस खंडित राहिला. या पट्ट्यात गगनचुंबी इमारती नाहीत; परंतु याच किनाऱ्यावर उत्तरेस मुंबईत त्या मोठ्या संख्येने आहेत. नियंत्रणाची निकड सर्वाधिक असते तेव्हाच वीज जाण्याचा संभव अधिक, हा धडा तेथेही लागू पडतो. यास्तव पर्यायी वीजपुरवठा ठेवतात किंवा वीज गेल्यावरही अक्रियपणे काम करणारी संमिश्र यंत्रणा योजतात. इमारतीचे बळ मात्र तिच्या सांगाड्यातच असावे लागते. सक्रिय नियंत्रण हे प्रामुख्याने रहिवाशांच्या स्वास्थ्याचे साधन होय.