मुलांना घेऊन पुण्याला: जेवायला कुठे बसायचं?

उन्हाळ्याची सुट्टी लागली, दिवाळीची खरेदी आली किंवा घरात लग्न ठरलं, की मंचर, घोडेगाव, नारायणगावची कुटुंबं पुण्याची वाट धरतात. काय बघायचं, काय घ्यायचं हे आठवडाभर आधी ठरलेलं असतं. खायचं कुठे हे मात्र दुपारी दोन वाजता लक्ष्मी रस्त्यावर ठरतं. तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या असतात, धाकटं कडेवर झोपलेलं असतं आणि थोरलं भुकेनं चिडलेलं असतं. अशा वेळी जे पहिलं दिसेल त्यात शिरावं लागतं आणि दिवसाची मजा तिथेच संपते.

मुलांसाठी हॉटेल निवडताना त्याच्या नावलौकिकापेक्षा तीन गोष्टी आधी बघाव्यात: लगेच बसायला जागा मिळते का, दहा मिनिटांत काहीतरी बिनतिखट समोर येतं का आणि हात धुवायला, लघवीला स्वच्छ सोय आहे का. एवढं जमलं की बाकी चव वगैरे मोठ्यांची हौस.

आधी वेळ धरा

मंचर ते पुणे अंतर साठेक किलोमीटर, पण चाकणच्या चौकात किती वेळ जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. सकाळी सातला निघालेलं कुटुंब शहरात पोचेपर्यंत सहज दहा वाजतात. मुलांनी घरी सहा-साडेसहाला दूध घेतलेलं असतं, म्हणजे त्यांची भूक दहालाच पेटते. म्हणून पुण्यातलं पहिलं खाणं नाश्त्याचं असू द्या. तोवर गाडीत धीर धरायला तूप-साखर लावलेली पोळीची गुंडाळी आणि केळी पिशवीत वरच ठेवा, कपड्यांच्या खाली नकोत.

जेवण बाराच्या आत. पुण्यातली थाळीची हॉटेलं साधारण अकरा-साडेअकराला सुरू होतात, तीनच्या सुमारास बंद होतात आणि मग थेट संध्याकाळी सातनंतर उघडतात. शनिवार-रविवारी एकला पोचलात तर दाराशी नाव लिहून बाकावर बसावं लागतं. मोठी माणसं पाऊण तास काढतात, चार वर्षांचं मूल काढत नाही. पावणेबाराला गेलं तर त्याच हॉटेलात कोपऱ्याचं टेबल मिळतं आणि वाढणाऱ्यालाही तुमच्याकडे बघायला सवड असते.

उतरायचं कुठे, यावर खाणं ठरतं

शिवाजीनगरचं एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवलं गेलं. तिथून पेठांत यायला रिक्षा किंवा पीएमपी करावी लागते. त्यापेक्षा नाशिक फाट्याला उतरून मेट्रो धरणं मुलांसह फार सोयीचं. सप्टेंबर २०२४ पासून ही मेट्रो स्वारगेटपर्यंत धावते. शनिवारवाड्यासाठी कसबा पेठ, तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्त्यासाठी मंडई, कात्रजला जायचं तर स्वारगेट. डेक्कनला किंवा फर्ग्युसन रस्त्याकडे जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. मुलांना तर मेट्रोचा प्रवास हाच सहलीचा निम्मा आनंद वाटतो.

अंगावर पिणारं बाळ असेल तर एसटी स्थानकात हिरकणी कक्ष विचारा. बाळाला तिथे पाजून निघालं की पुढे हॉटेलात आईलाही चार घास निवांत खाता येतात.

पाटीवरचा ‘फॅमिली’ शब्द

महामार्गावर आणि शहरात ‘फॅमिली रेस्टॉरंट’, ‘फॅमिली गार्डन’ अशा पाट्या पावलोपावली दिसतात. या शब्दाचा इतकाच अर्थ धरा की कुटुंबांना बसायला वेगळा भाग असावा. त्याच पाटीवर पुढे ‘परमिट रूम’ असेल तर तिथे दारू मिळते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागू झाला, तिथून हे नाव रुजलं. अशी सगळीच ठिकाणं वाईट नसतात, दुपारी तिथे शांतपणे जेवता येतं. संध्याकाळी सातनंतर मात्र मुलांना घेऊन शिरण्याआधी एकानं आत जाऊन फॅमिली विभाग खरोखर वेगळा आहे का ते बघून यावं. तो माडीवर किंवा वातानुकूलित असेल तर दर वेगळे असू शकतात, तेही तेव्हाच विचारावं.

फोनवर शोधत असाल तर ताऱ्यांच्या संख्येवर जाऊ नका. लोकांनी टाकलेले फोटो बघा. त्यात जिना किती उंच, टेबलं किती दाटीनं लावलेली, कुणाचं लहान मूल बसलेलं आहे का, हे सगळं दिसतं.

दुपारचं ताट

मुलांसह जेवायला थाळीसारखी सोय नाही, असं माझं ठाम मत आहे. बसल्या बसल्या ताट येतं. त्यात वरणभात, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर आणि एखादं गोड असतं, म्हणजे अगदी हट्टी मुलाच्याही पोटात काहीतरी जातंच. टिळक रस्त्यावरचं दुर्वांकुर, आपटे रस्त्यावरचं श्रेयस, डेक्कनचं सुकांता ही यातली जुनी, लोकांच्या सवयीची नावं. टिळक रस्त्यावर बादशाहीही आहे. तिथलं जेवण साधं, घरच्यासारखं, पण गर्दीत लोक उठायची वाट बघत उभे असतात. चिमण्या घासांनी जेवणाऱ्या मुलाला ती घाई सोसत नाही.

थाळीच्या हॉटेलात शिरताना एक प्रश्न दारातच विचारा: लहान मुलाचा दर काय आणि कितव्या वर्षापर्यंत? बऱ्याच ठिकाणी एका ताटात दोघांनी जेवलेलं चालत नाही. आईच्या ताटातून दोन घास खाणाऱ्या मुलाचं काय, हे आधीच बोललेलं बरं, नाहीतर जेवणानंतर काउंटरवर वाद होतो.

ताट मांडल्यावर वाढपी एकामागून एक येत राहतात. एकाकडे भाज्या, दुसऱ्याकडे आमटी-कढी, तिसऱ्याकडे पुऱ्या. मुलाच्या वाटीत आमटी आधी पडली, त्यानं जीभ लावली आणि तिखट लागलं, की पुढचं काहीच तो तोंडात घेत नाही. म्हणून पहिला वाढपी टेबलाशी आला की हात आडवा धरून सांगायचं, “दादा, लहानाला आमटी नको, साधं वरण आणि वर तूप.” पुरी गरम असेपर्यंत तिचे तुकडे करून ठेवायचे, गोडाची वाटी थोडी लांब सरकवायची. आपल्या भागातली मुलं मासवडीच्या झणझणीत रश्श्याला सरावलेली असली, तरी प्रवासानं पोट आधीच ढवळलेलं असतं. गूळ घातलेली पुणेरी आमटी काहींना आवडते, काहींना मुळीच नाही.

ताट नको, थोडंच खायचं असेल तर लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस आहे. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ साली सुरू केलं. थालीपीठ, साबुदाणा वडा, दही असं वेगवेगळं मागवून मधे ठेवलं की सगळ्यांचं भागतं.

नाश्ता आणि मधलं खाणं

फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली आणि रूपाली ही जगन्नाथ शेट्टी यांनी नावारूपाला आणलेली हॉटेलं. मुलांच्या दृष्टीनं तिथली इडली सगळ्यात उपयोगी: पटकन येते, मऊ असते आणि सांबार वेगळ्या वाटीत मागता येतं. मोठ्यांनी एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, मागवावी. रविवारी सकाळी नऊनंतर तिथे रांग लागते, त्या दिवशी मुलांसह हा बेत सोडून द्यावा. डेक्कनजवळ १९३५ सालचं गुडलक हे इराणी हॉटेल आहे, तिथला बनमस्का आणि ऑम्लेट मुलं आनंदानं खातात.

नारायण पेठेतली बेडेकर मिसळ गोडसर चवीची आणि पावाऐवजी ब्रेडसोबत मिळते, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलालाही चाखायला देता येते. जागा लहान आहे, बाबागाडी वगैरे असेल तर अवघड.

बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावानं ते उभं केलं. तिथले दिवे आणि अडकित्ते मुलं थांबून बघतात. बाहेर पडलं की सदाशिव पेठेत सुजाता मस्तानी जवळ. एक मस्तानी दोन लहान मुलांना पुरते, पण ती जेवणाआधी दिली तर जेवणाचं विसरा.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे निघण्याआधी लक्षात ठेवा. आवार मोठं आहे, चालून मुलं थकतात, म्हणून आत जाण्याआधी पोटभर नाश्ता हवाच. पुणे जिल्हा दूध संघाचा कात्रज डेअरीचा माल शहरात ठिकठिकाणी मिळतो. थंड सुगंधी दुधाची बाटली ही मुलांसाठी कोणत्याही रंगीत पेयापेक्षा बरी, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या गोठ्यातल्या दुधाची असते.

टेबलाशी

बहुतेक जुन्या हॉटेलांत मुलांची उंच खुर्ची नसते. साध्या खुर्चीवर चार वर्षांच्या मुलाची हनुवटी टेबलाच्या कडेला लागते, ताटातलं त्याला दिसत नाही आणि हात मारला की ग्लास आडवा होतो. भिंतीला लागून बाक असेल तर तो मागा आणि मुलाला गुडघ्यांवर बसवा. स्वयंपाकघराच्या वाटेवरचं टेबल घेऊ नका, तिथून उकळतं सांबार आणि चहा सतत जात असतो. ऑर्डर देताना मुलांचं आधी सांगा आणि तेच आधी आणायला सांगा.

मॉलमधल्या खाण्याच्या दालनात उंच खुर्च्या, स्वच्छ शौचालयं, लंगोट बदलायची जागा मिळते. तान्हं मूल असेल तर तेच घ्या. पैसे जास्त जातात आणि गोंगाट असतो, इतकंच.

बिल बघताना

साध्या हॉटेलात खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. ‘सेवा शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम लावली असेल तर ती देणं सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या कायम केल्या. शांतपणे “हे काढून द्या” म्हणायचं. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असतो. खाऊन मुलाला त्रास झाला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तो उपयोगी पडतो, म्हणून घरी पोचेपर्यंत बिल फेकू नका.

परत निघताना

संध्याकाळी थाळीची हॉटेलं उघडायची वाट बघत सातपर्यंत थांबलं तर चाकणची गर्दी नेमकी अंगावर येते. पाचच्या सुमारास डोसा, उत्तप्पा असं काहीतरी खाऊ घालून, मुलांना शौचालयाला नेऊन आणि पाण्याच्या बाटल्या भरून निघावं. मुलं भोसरीच्या पुढे झोपतात. राजगुरुनगरला उठली आणि भूक लागली म्हणाली, तर सकाळच्या पोळीच्या दोन गुंडाळ्या शिल्लक ठेवलेल्या असाव्यात.