गोळी लागू पडते, कधी बाधतेही



काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मी तेव्हा एका उपकेंद्रात नर्सबाई म्हणून काम करीत होते. एके दिवशी सकाळी कुलूप काढते न काढते तोच एक पन्नाशीचे शेतकरी पायरीवर येऊन बसले. त्यांना दोनच दिवसांपूर्वी क्षयाच्या, म्हणजे टी.बी.च्या गोळ्या सुरू केल्या होत्या. गोळ्यांचे पाकीट त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "बाई, ह्या तुमच्या गोळ्या तुम्हालाच ऱ्हाऊ द्या. लघवीतनं रगात पडाय लागलंय."

मी विचारले, "जळजळ होते का? दुखतं का?" तसे काही नव्हते. डोळे पाहिले, स्वच्छ होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, चूक त्यांची नव्हे, माझी आहे. गोळ्या किती घ्यायच्या, केव्हा घ्यायच्या, हे मी त्यांना दोनदा बजावले होते. पण गोळी घेतल्यावर लघवीला नारिंगी-तांबडा रंग येतो, एवढे एक वाक्य सांगायचे राहून गेले होते. त्या एका वाक्यापायी हा माणूस सहा महिन्यांचा उपचार तिसऱ्या दिवशीच सोडून निघाला होता.

हा रंग कसला? क्षयाच्या औषधांत रिफॅम्पिसिन नावाचे एक औषध असते. ते मुळातच विटकरी तांबडे आहे. अंगात त्याचे काम झाले की ते लघवीवाटे, घामावाटे, कधी आसवांवाटे बाहेर पडते व जाताना आपला रंग देऊन जाते. पांढऱ्या सदऱ्याच्या काखेत डाग पडतो, तोही याचाच. यात भिण्यासारखे काही नाही. पण हे आधी सांगितले तर ती औषधाची खूण ठरते, आणि न सांगता दिसले तर तेच रक्त ठरते.

पूर्वी ही अडचण घरापर्यंत येत नसे. क्षयी माणसाला गावापासून दूर, मोकळ्या हवेच्या आरोग्यधामात ठेवीत. वर्ष-वर्ष तो तिथे खाटेवर असे आणि त्याला काय होते, काय नाही, हे पाहायला परिचारिका जवळच असत. मग 1956 साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून औषध दिले. 1959 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध नेमाने पोटात गेले तर घरचा रोगीही आरोग्यधामातल्या रोग्याच्या तोडीने बरा होतो, असे त्यात दिसून आले. गरिबाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु 'नेमाने' हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. प्रयोग करणारी मंडळी अवचित घरी जाऊन गोळ्या मोजीत व लघवी तपासून औषध खरोखर घेतले का ते पाहत. खाट घरी आली, तशी परिचारिकेची राखणही घरी यायला हवी होती. ती सगळीकडे आली असे मात्र म्हणता येत नाही.

आज नव्याने क्षय झालेल्या व साध्या औषधांना दाद देणाऱ्या रोग्याला बहुधा सहा महिने उपचार असतो. पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधे असतात: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. रोज किती गोळ्या, ते वजनावर ठरते. म्हणून शेजारच्याला तीन आणि मला चार का, असा रुसवा धरू नये. नावे अवघड आहेत, ती पाठ करू नका. कोणते औषध कुठे बाधते ते मात्र लक्षात असू द्या.

पहिल्या पंधरवड्यात पुष्कळांना मळमळते. गोळी शक्यतो रिकाम्या पोटी घ्यावी हे खरे, पण रोज उलटी होऊन गोळीच बाहेर पडत असेल तर त्या नियमाचा उपयोग काय? अशा वेळी सिस्टरला सांगावे. हलके काही खाऊन घेणे किंवा रात्री निजताना घेणे, अशी वेळ बदलून देता येते. आपल्या मनाने दुकानातून पित्तावरचे औषध आणून त्याच घोटाबरोबर घेऊ नये. त्यातल्या काही औषधांनी क्षयाची गोळी अंगी लागायला अडथळा होतो.

गुडघे, खांदे ठणकू लागले तर ते बहुधा पायराझिनामाइडचे काम. डॉक्टर साधे दुखीवरचे औषध देतात आणि तसेही हे औषध दोनच महिन्यांचे असते. तळपायाला मुंग्या येणे, आग होणे, चप्पल कधी निसटली ते न कळणे, हे आयसोनियाझिडमुळे होते. त्यासाठी 'ब-6' जीवनसत्त्वाची लहानशी गोळी बरोबर देतात. पुष्कळ लोक ती 'ताकदीची आहे, नाही घेतली तरी चालेल' म्हणून डब्यात टाकून देतात. ती ताकदीची नव्हे, पायाच्या शिरांची राखण करणारी आहे. मधुमेही, दारू पिणारे, अंगाने खंगलेले, गरोदर बाया यांनी तर ती मुळीच चुकवू नये.

एथॅम्ब्युटॉल क्वचित नजरेला बाधते. दिसणे धूसर होते, तांबडा आणि हिरवा यांतला फरक पुसट होतो. वेळीच औषध थांबवले तर नजर बहुधा परतते. उशीर झाला तर सांगता येत नाही. मी घरी गेले की एक डोळा हाताने झाकायला लावून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या तारखा वाचून घेत असे, मग दुसरा डोळा. अक्षर न येणाऱ्या आजींपुढे मी एक तांबडी व एक हिरवी मिरची धरीत असे. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण शंका यायला पुरते. लहान मूल तर 'मला कमी दिसते' असे सांगणारच नाही. इथे मास्तरांची मदत लागते. उपचार चालू असलेला मुलगा फळ्यावरचे चुकीचे उतरवू लागला, रंगखडूंत घोटाळा करू लागला, तर त्याला छडी दाखवण्याआधी आईबापांना आरोग्य केंद्रात धाडा.

आता सर्वांत जपण्याची गोष्ट. या औषधांपैकी तीन यकृतावर ताण देतात, आणि एखाद्याला त्यातून कावीळ होते. इथेच मला माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे.

त्या शेतकऱ्यांच्या प्रसंगानंतर मी प्रत्येकाला आवर्जून सांगू लागले, "लघवी तांबडी झाली तर घाबरू नका." एका बाईंनाही तसेच सांगितले. पाचव्या आठवड्यात त्यांच्या सुनेने निरोप धाडला की, सासूबाईंची लघवी फार गडद होते आहे. मी निरोप आणणाऱ्या पोराला म्हटले, "गोळीचा रंग आहे तो." चार दिवसांनी मी त्या घरी गेले, तो बाई भिंतीला टेकून बसलेल्या. भाकरीचा वासही नको म्हणत होत्या. ओकाऱ्या होत होत्या. उजेडात नेऊन पापणी खाली ओढली आणि पाहते तो डोळा हळदीसारखा पिवळा! त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेले. सर्व गोळ्या थांबल्या, यकृत ताळ्यावर आल्यावर डॉक्टरांनी एकेक औषध पुन्हा सुरू केले. बाई बऱ्या झाल्या. पण ते चार दिवस माझ्या शब्दाने गेले होते.

तेव्हापासून मी अर्धे वाक्य सांगणे सोडून दिले. गोळीचा रंग पहिल्या दिवसापासूनच दिसतो, माणूस जेवतोखातो आणि डोळे पांढरे असतात. काविळीचा रंग बहुधा काही आठवड्यांनी दिसतो आणि तो एकटा येत नाही. अन्नावरची वासना जाते, मळमळ थांबत नाही, उजव्या बरगडीखाली दुखते, गळून गेल्यासारखे होते, मग डोळे पिवळे होतात. म्हणून लघवीच्या रंगावर विसंबू नका. दिवसाउजेडी डोळ्याचा पांढरा भाग पाहा. ही लक्षणे दिसली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. काविळीवर झाडपाल्याचे औषध घेत घरी बसू नये. दारू तर या सहा महिन्यांत पूर्ण वर्ज्य.

अंगभर पुरळ उठून तोंड आतून सोलवटणे, कातडीखाली जांभळे ठिपके येणे, नाकातून वा हिरड्यांतून रक्त येणे, एकाएकी कमी दिसणे, यांतही तसेच करायचे. गोळी हातात ठेवून डॉक्टर गाठायचा. साधी खाज किंवा मळमळ मात्र यात मोडत नाही. ती सांगायची आणि गोळी चालू ठेवायची. गोळी थांबवणे आणि उपचार सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबवलेली गोळी डॉक्टर पुन्हा सुरू करतात किंवा बदलून देतात. सोडलेल्या उपचारातून मात्र न मेलेले जंतू राहतात, ते औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग अधिक जड औषधांची पाळी येते.

आणखी एक गोष्ट, जी चारचौघांत विचारली जात नाही. रिफॅम्पिसिन चालू असताना पाळणा लांबवण्याच्या गोळीचा भरवसा राहत नाही. सुनेला, लेकीला हे बाजूला घेऊन सांगावे. दुसरा उपाय सिस्टर सांगतील. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा गुणही यामुळे उणावतो. तेव्हा घरात जी जी औषधे चालू असतील, ती पिशवीत घालून पहिल्याच दिवशी दाखवावी.

माझ्या धाकट्या परिचारिका भगिनींना एक सांगते, आणि गुरुजींना ते माझ्याहून चांगले ठाऊक आहे. 'समजलं का?' हा प्रश्न अगदी निरुपयोगी. वर्गातली मुले जशी एका सुरात 'हो' म्हणतात, तसाच रोगीही 'व्हय बाई' म्हणतो. मी विचारीत असे, "घरी गेल्यावर कारभारीण विचारील, कसल्या गोळ्या आणल्या, तर काय सांगाल?" मग जे ऐकायला मिळे, त्यातून मी काय सांगितले यापेक्षा काय पोचले ते कळे. एका आजोबांनी उत्तर दिले होते, "तीन गोळ्या, सकाळ, दुपार, सांज." एकदम घ्यायच्या तीन गोळ्या त्यांनी दिवसभर वाटून टाकल्या होत्या! पहिल्या दिवशी माणूस रोगाच्या नावानेच हबकलेला असतो, त्याच्या कानात फारसे शिरत नाही. म्हणून घरचे एक माणूस बरोबर बोलवावे, आणि आठवड्याने तेच पुन्हा विचारावे. दर महिन्याला वजन करावे. वजन वाढले तर औषध लागू पडते आहे असे समजावे, आणि गोळ्यांची संख्या तीच ठेवायची की बदलायची हेही पाहावे.

औषध बाधल्याची नोंद करायला परिचारिकेला डॉक्टरच्या हुद्द्याची गरज नाही. 2010 साली सुरू झालेल्या देशव्यापी औषध-दक्षता कार्यक्रमात अशी नोंद परिचारिका, औषधविक्रेता, खुद्द रोगीही करू शकतो. दूरध्वनी 1800-180-3024, पैसे पडत नाहीत.

ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींचे मात्र वेगळे आहे. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाही, आणि सहा महिन्यांचा उपचार नेमका मध्ये तुटतो. त्याला उपाय आहे. रोग्याची नोंद 'निक्षय' या सरकारी यंत्रणेत असते आणि त्या नोंदीवर दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही गोळ्या मिळतात. नोंदीचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, ब-6ची गोळी विसरू नये, आणि कोणत्या कारखान्यावर जाणार ते गाडीत भांडीकुंडी चढवायच्या आधी उपकेंद्रात सांगून जावे.