मुलांच्या पोटातील गाठी



कामगार संघटनेच्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे. मुलांच्या पोटातील गाठींशी त्याचा काय संबंध, असे आपल्या मनात येईल. संबंध असा की, आमच्या कचेरीत उचल मागायला येणाऱ्या माणसाच्या हातात पुष्कळदा दवाखान्याचा कागद असतो, आणि त्या कागदावर एक ओळ वारंवार दिसते : ‘मेसेंटेरिक लिम्फ नोड्स वाढलेले.’ मुलाचे पोट दुखत होते, सोनोग्राफी झाली, कागद हाती आला. मग घरात एक म्हणतो, गाठ म्हणजे कॅन्सर. दुसरा म्हणतो, छे, पोटाचा टी.बी. झोप सगळ्यांचीच उडते. मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. परंतु दवाखान्यांच्या बाकांवर बसून डॉक्टरांना विचारीत आणि वाचनालयातील पुस्तके चाळीत जे पडताळून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आपली आतडी पोटात मोकळी पडलेली नसतात. एका पातळ पडद्याने ती पाठीकडच्या भिंतीशी बांधलेली असतात. त्या पडद्यातून रक्तवाहिन्या जातात, लसिका नावाचा रस वाहून नेणाऱ्या नळ्या जातात, आणि त्या नळ्यांच्या वाटेवर शंभराहून अधिक लहान गाठी बसलेल्या असतात. माझ्या पोटात आहेत, तुमच्याही आहेत. पाळी सुटताना गिरणीच्या गेटावर झडती होत असे ना, तसे यांचे काम. आतड्याकडून आलेला रस तपासायचा, जंतू सापडला तर अडवायचा, आणि त्याच्याशी झुंजायला पेशींची भरती करायची. भरती सुरू झाली की गाठ फुगते. म्हणजे गाठ फुगणे हा बहुधा स्वतः रोग नसून झुंज चालू असल्याची खूण असते. मुलाच्या शरीराला रोज नवा जंतू भेटतो, म्हणून मुलांच्या गाठी मोठ्यांपेक्षा ठळक दिसतात. पोट न दुखणाऱ्या, धडधाकट मुलांची सोनोग्राफी केली तरी पुष्कळांत त्या सापडतात.

कागदावर ‘१२ बाय ६ मिलिमीटर’ असे दोन आकडे असतात. मोठा लांबीचा, धाकटा रुंदीचा. आमची माणसे १२ वाचून हबकतात. डॉक्टर मात्र धाकटा आकडा पाहतात. मुलांत ८ मिलिमीटरपर्यंतची रुंदी बरेच तज्ज्ञ नेहमीचीच समजतात.

आता कारणे. सर्वांत जास्त वेळा कारण असते एखादा साधा विषाणू. मुलाला सर्दी होते, घसा बसतो, आणि पाठोपाठ बेंबीभोवती किंवा उजव्या बाजूला पोट दुखू लागते. घसा आणि पोट यांचा हा संबंध शिकागोचे बालरोगतज्ज्ञ जोसेफ ब्रेनमन यांनी १९२० च्या दशकात नीट मांडून दाखविला. याला औषध लागत नाही म्हटले तरी चालेल : विश्रांती, पाणी, पेज, ताप-दुखण्यापुरते पॅरासिटामॉल. दोन-चार आठवड्यांत बहुतेक मुले खेळायला लागतात. कोणी पहिल्याच दिवशी जंतुनाशकांची चळत लिहून दिली, तर ‘कशासाठी?’ एवढे विचारण्याचा बापाला हक्क आहे.

दुसरा वर्ग आतड्याच्या जंतूंचा, आणि इथे मला जरा थांबावेसे वाटते. विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा, जंतू तोंडावाटे पोटात गेला की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील लसिका-पुंजक्यांत शिरतो आणि तिथून या गाठींत ठाण मांडतो. हा जंतू येतो माणसाच्या मैल्यातून, पाण्यावाटे. आणि पाण्यात मैला मिसळतो कसा? नळाला पाणी दोन तास येते. उरलेले बावीस तास नळ रिकामा असतो, त्यात दाब नसतो. तोच नळ गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच गेलेला असतो. जुन्या सांध्याला भेग असली की बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि पाणी सुटले की पहिल्या धारेबरोबर हंड्यात येते. यावर कोणी म्हणेल, पाणी उकळा. उकळावेच; पण गॅसच्या सिलिंडरचा खर्च हिशोबात धरून बोलावे. एका आळीत एकाच आठवड्यात चार मुले तापाने पडली तर ती चार घरांची चार दुखणी नव्हेत. तिथे वॉर्ड कचेरीत अर्ज देऊन नळ तपासून घ्यावा लागतो.

आता टी.बी. युरोपात एके काळी पोटातील गाठींचा क्षय मुलांना गाईच्या कच्च्या दुधातून होई. क्षयाचा जंतू १८८२ साली शोधून काढणाऱ्या रॉबर्ट कॉखने १९०१ मध्ये, गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसे भय नाही, असे प्रतिपादन केले. ब्रिटनमध्ये त्यावर आयोग नेमला गेला, दहा वर्षे तपास चालला, आणि कॉखचे म्हणणे टिकले नाही. आपल्या आया दूध उकळल्याशिवाय देत नाहीत, हे फार मोठे संरक्षण आहे. आपल्याकडे हा रोग मुख्यतः माणसाकडूनच येतो : दहा बाय दहाच्या खोलीत खोकणारे कोणी असते, तिथून. क्षयाच्या गाठी सहसा मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या, मधोमध दह्याच्या चोथ्यासारख्या झालेल्या असतात. जोडीला आठवडेच्या आठवडे ताप, उतरलेले वजन, सुकलेले मूल.

आतड्याच्या इतर जुनाट सुजेने, किंवा लिम्फोमासारख्या कर्करोगानेही गाठी वाढतात. पण ते विरळा.

मात्र पुढील खुणा दिसल्या तर तडक इस्पितळ गाठावे : बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली स्थिरावलेली आणि वाढत जाणारी कळ, कारण ते अपेंडिक्स असू शकते, हिरवी उलटी, शौचात रक्त, फुगून कडक झालेले पोट. अशा वेळी ‘गाठीच आहेत’ म्हणून घरी बसणे जिवावर बेतते.

आमच्या एका सभासदाच्या पाच वर्षांच्या मुलीला, एका खासगी दवाखान्यात, केवळ सोनोग्राफीच्या एका ओळीवर सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू झाली. ताप नाही, वजन घटलेले नाही, घरात कोणी खोकत नाही. ही औषधे यकृताला जड जाऊ शकतात. आम्ही तिला दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाकडे नेले. तपासण्या झाल्या, क्षयाचा पुरावा निघाला नाही आणि त्यांनीच औषधे थांबविली. हे ऐकून कोणी चालू औषध आपल्या मनाने मात्र सोडू नये. अर्धवट सोडल्याने जंतू निर्ढावतो. विचारायचे ते डॉक्टरांना विचारावे : छातीचा एक्स-रे काढला काय? गाठीतील नमुना घेऊन सीबीनॅट तपासणी करता येईल काय? आणि क्षयच आहे, तर सरकारदरबारी नोंद केली काय? २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही ती नोंद सक्तीची आहे, आणि नोंद झालेल्या रोग्याला सरकारी योजनेतून औषधे फुकट मिळतात. त्यासाठी कोणालाही कचेरीत उचल मागायला यावे लागत नाही.