बीजगणितातील अवलंबी चल : संकल्पना आणि आकलन

प्रस्तावना
गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र या विषयांच्या अध्यापनात 'अवलंबी चल' ही संज्ञा वारंवार येते. तथापि 'य' हे अक्षर म्हणजेच अवलंबी चल आणि उभा अक्ष म्हणजेच त्याचे स्थान, असा समज अनेक विद्यार्थ्यांच्या मनात दृढ झालेला आढळतो. एका विषयाच्या वर्गात झालेला हा समज दुसऱ्या विषयाच्या वर्गात अडचणीचा ठरतो. म्हणून प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे स्वरूप व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

संकल्पनेचे स्वरूप
ज्या चलाला दिलेल्या प्रांतातील कोणतीही किंमत देता येते, तो स्वतंत्र चल होय. स्वतंत्र चलाची किंमत ठरताच ज्याची किंमत एका नियमाने निश्चित होते, तो अवलंबी चल होय. एका राशीतील बदलामुळे बदलणारी दुसरी राशी म्हणजे पहिलीचे फल, असा विचार ऑयलर यांनी १७५५ च्या ग्रंथात मांडला. पुढे १८३७ मध्ये डिरिक्ले यांनी सूत्रापेक्षा संगतीच्या नियमाला महत्त्व दिले. प्रत्येक क्ष साठी य ची एकच किंमत निश्चित होणे, हे या संकल्पनेचे मर्म आहे.

भूमिकांची अदलाबदल
अवलंबित्व हा अक्षराचा गुणधर्म नसून प्रश्नाच्या मांडणीतून येणारी भूमिका आहे. सेल्सिअस तापमान 'स' व फॅरनहाइट तापमान 'फ' यांचा संबंध फ = (९/५)स + ३२ असा आहे. येथे स = १०० घेतल्यास फ = २१२ मिळते; म्हणजे फ अवलंबी आहे. हाच संबंध स = (५/९)(फ − ३२) असा लिहिल्यास स अवलंबी होतो. मात्र अशी अदलाबदल नेहमीच शक्य नसते. य = क्ष² या संबंधात क्ष = ३ असता य = ९ ही एकच किंमत मिळते; परंतु य = ९ असता क्ष च्या ३ व −३ अशा दोन किमती मिळतात. त्यामुळे प्रांत मर्यादित केल्याखेरीज क्ष हे य चे फल ठरत नाही.

अर्थशास्त्रातील आलेख
समजा, एका वस्तूची मागणी म = १०० − ५क या समीकरणाने व्यक्त होते. किंमत क = ८ असता मागणी ६० नग येते. येथे मागणी अवलंबी चल आहे. तरीही आलेखात किंमत उभ्या अक्षावर दर्शवितात. मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथामुळे हा संकेत रूढ झाला. गणिताच्या वर्गातून आलेला विद्यार्थी हा आलेख पाहून किमतीलाच अवलंबी समजतो आणि वक्राचा उतार −५ आहे असे सांगतो. प्रत्यक्षात काढलेल्या रेषेचा उतार −१/५ असतो. अक्षांचा संकेत व चलांची भूमिका या भिन्न बाबी आहेत, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

अवलंबित्व आणि कार्यकारणभाव
बीजगणितीय अवलंबित्वातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तापमापीतील पाऱ्याच्या उंचीवरून तापमान काढता येते. म्हणून उंचीमुळे तापमान वाढते असे कोणी म्हणत नाही. संख्याशास्त्रात तर चलांची निवड अधिक निर्णायक असते. य ची क्ष वरील समाश्रयण रेषा बीजगणिताने उलटवून क्ष ची य वरील रेषा मिळत नाही. सहसंबंध गुणक +१ किंवा −१ असेल तरच त्या दोन्ही रेषा एकरूप होतात.

समारोप
सारांश, 'अवलंबी चल कोणता?' या प्रश्नाचे उत्तर अक्षरात अथवा अक्षात न शोधता 'काय दिले आहे आणि काय ठरवायचे आहे?' या प्रश्नात शोधावयास हवे. प्रत्येक विषयाच्या अध्यापकाने आलेख काढण्यापूर्वी हा प्रश्न फळ्यावर लिहिल्यास, एका वर्गात मिळालेले गणिती ज्ञान दुसऱ्या वर्गात अडथळा न ठरता आधार ठरेल.