एक बर्थ, दोन खिडक्या

लोणावळा म्हटलं की तुम्हाला आठवणार चिक्की आणि भुशी धरण. आज मात्र आपण स्टेशनवरच थांबू या. आरक्षणाच्या खिडकीपाशी.

समजा, कामशेतच्या एका आजोबांना चेन्नईहून रामेश्वरला जायचंय. लोणावळ्याला येऊन त्यांनी फॉर्म भरला. गाडीत एकच बर्थ उरलाय आणि नेमका त्याच क्षणी चेन्नईच्या खिडकीवरही कुणीतरी तोच मागतंय! दोघांनाही तो मिळाला, तर गाडीत केवढं महाभारत होईल!

पूर्वी आरक्षण जाडजूड रजिस्टरांत लिहीत. दूरच्या गाडीसाठी तार करायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबादलाही केंद्रं झाली. पण सुरुवातीला प्रत्येकाचा संसार वेगळा. रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेनं 'कॉन्सर्ट' नावाची प्रणाली तयार केली आणि १९९९ साली पाचही केंद्रं जोडली गेली. अशा विखरून ठेवलेल्या, तरी एकच वाटणाऱ्या माहितीसाठ्याला म्हणतात 'डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस'.

तुम्ही म्हणाल, पाचही ठिकाणी सगळ्या गाड्यांची नक्कल ठेवली की झालं! पण मग एक बर्थ विकला की पाचही नकला त्याच क्षणी बदलायला हव्यात. एक जरी मागं राहिली, तरी तोच बर्थ दुसऱ्यांदा विकला जाणार. म्हणून प्रत्येक गाडीचा हिशेब एकाच केंद्राच्या ताब्यात ठेवला. रामेश्वरच्या गाडीचा चेन्नईकडे. आजोबांची मागणी लोणावळ्याहून मुंबईच्या संगणकाकडे जाते, तिथून चेन्नईला. तिथं ज्याची मागणी आधी पोचली, त्याच्यासाठी त्या नोंदीला कुलूप लागतं. दुसऱ्यानं तेवढा वेळ थांबायचं. थांबायचं म्हणजे किती? डोळ्याची पापणी लवेपर्यंत!

आणि मधेच लाइन तुटली तर? अर्धवट नोंद पुसली जाते. व्यवहार एक तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. खिडकीतून आवाज येतो, "लिंक फेल आहे." रांगेतले लोक चिडतात, आणि दोन तास उभं राहिल्यावर कोण चिडणार नाही? पण दोघांना एकच बर्थ देण्यापेक्षा संगणकाला 'नाही' म्हणणं बरं वाटतं.

मग आपल्या आजोबांचं काय झालं? चेन्नईची मागणी आधी पोचली होती. आजोबांना मिळालं आर.ए.सी. म्हणजे बसायची जागा पक्की, पण खिडकीकडेचा खालचा बर्थ दोघांत मिळून. एका बर्थवर दोघं, पण हे मात्र ठरवून बरं का!